माहेरची साडी आणि आमची आत्या

विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' (१९९१) टीव्हीवर लागला की आमच्या मौद्याच्या घरी आत्या पदराने डोळे पुसते, अन् मला हसू येते. अलका कुबल सोसते, रडते, शेवटी मरते. (ग्लिसरीन स्वस्त असावे!) मित्रहो, चांगली सून ठरायला आधी मरावे लागते काय? स्त्रीमुक्तीचा धसका घेतलेल्यांची ही करमणूक. नऊ वर्षे आधी 'उंबरठा'त स्मिता पाटील जिवंतपणी घराबाहेर पडली होती. त्यात काही गाणीही आपल्या नागपूरच्या सुरेश भटांची. आत्याला ती आगाऊ वाटते.

परवा मात्र माझे हसू थांबले. आत्याही दोनदा माहेरी निघून आली होती म्हणे. दोन्ही वेळा आजोबांनी साडीचोळी देऊन तिला परत पोचवले.