पैसा त्यांचा, निर्णय कोणाचा?

ख्रिस्ती मिशनचे जागतिक नेतृत्व सर्व खंडांनी आणि भाषांनी वाटून घ्यावे, असे म्हटले की ठरलेले उत्तर येते. तत्त्व मान्य, पण माणसे अजून तयार व्हायची आहेत. पैसा पश्चिमेचा, तेव्हा निर्णयही तिथेच व्हायचे. आणि कामकाजाला एक भाषा हवी, ती अर्थात इंग्रजी.

माणसांचेच आधी पाहू. योरुबा वंशाचे सॅम्युअल क्राउदर 1864 साली अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप झाले. नायजर नदीकाठचे मिशन त्यांनी आफ्रिकी सहकाऱ्यांसह चालवले. 1890 मध्ये इंग्लंडहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी त्या सहकाऱ्यांवर ठपके ठेवले, काहींना निलंबित केले, आणि ऐंशी वर्षांच्या बिशपांना स्वतःच्याच मिशनच्या समितीचा राजीनामा द्यावा लागला. पुढच्या वर्षअखेर ते वारले. त्यांच्या जागी आला इंग्रज बिशप. आता सांगा, तयारी कोणाची कमी पडली?

1910 च्या एडिंबरा येथील जागतिक मिशनरी परिषदेला सुमारे 1,200 प्रतिनिधी होते. आशियातले वीसही नव्हते. त्यांतल्या वेदनायगम अझरियांनी भर सभेत सुनावले, की तुमचा त्याग आम्ही मानतो, पण तुम्ही आम्हाला मित्र मानत नाही. पाहुण्याने असे बोलावे, हे अनेकांना रुचले नाही. दोनच वर्षांनी हा तमिळ माणूस निजामाच्या मुलखात दोर्नकलचा बिशप झाला, तेलुगू शिकला, आणि खेड्यापाड्यांत, मुख्यतः दलित वस्त्यांत, चर्च उभे करत राहिला. तिथले कॅथीड्रल 1939 साली झाले. त्याचे खांब देवळाच्या वळणाचे आहेत आणि वर घुमट. लंडनच्या कचेरीत असा आराखडा कोणी काढला असता असे मला वाटत नाही.

पैशाचा आक्षेप मात्र पोकळ नाही. तोही नवा नाही, आणि त्याला उत्तरही जुनेच आहे. 1905 साली बंगालमधल्या सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली ती भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय नेतृत्व या पायावर. अझरिया तिचे चिटणीस होते. आपले कवी नारायण वामन टिळक यांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा उभारला. आणि हेही कबूल करू: सत्ता स्थानिक हाती आली म्हणजे सारे सुरळीत होते असे नाही, आपल्याकडच्या चर्चच्या जमिनींचे खटले पाहावेत. म्हणून हिशेब दोन्ही बाजूंनी तपासला जावा: पैसे घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचाही.

राहिली भाषा. दुभाष्याचा खर्च परवडत नाही म्हणणाऱ्या संस्था विमानाची तिकिटे मात्र काढतात. आज जगातले निम्म्याहून अधिक ख्रिस्ती आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत आहेत. ठरावाचा मसुदा आधी स्वाहिली, पोर्तुगीज, कोरियन, मराठीत पाठवा, हरकती त्याच भाषांत घ्या, आणि निधीच्या समितीत या भाषा बोलणाऱ्यांना मताचा अधिकार द्या. व्यासपीठावरची खुर्ची नंतर दिली तरी चालेल.