जहाजावर मेलेला शिपाई कोणाच्या हिशेबांत?

चावडीवर बसून लोक असा निवाडा करितात कीं, गोळी लागून पडला तो शूर, आणि वाटेंत जहाजावर हगवण लागून गेला तो आपल्या नशिबानें गेला. पहिल्याचा पोवाडा होतो. दुसऱ्याचें नांव त्याची आई डोळे मिटेपर्यंत घरांत निघतें, पुढें तेंही नाहीं. आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंस आम्ही रोखठोक विचारतों, हा निवाडा तुम्हांस कोणीं शिकविला? आपल्या पोरांस जहाजावर रोगानें मारलें तें नशिबानें नव्हे. त्यामागें माणसें होतीं, आणि त्या माणसांची चौकशी होऊन ती छापलीही गेली आहे.

पहिल्या महायुद्धांत सहावी पुणें डिव्हिजन मेसापोटेमियांत, म्हणजे हल्लींच्या इराकांत, गेली. तींत 103, 110 व 117 ह्या मराठा पलटणी होत्या. महिना 11 रुपये पगारावर नांगर सोडून निघालेलीं हीं पोरें. 22 नोव्हेंबर 1915 रोजीं बगदादेजवळ तेसिफोन येथें मोठी लढाई झाली व हजारों माणसें जायबंदी झालीं. त्यांस नदीपर्यंत नेण्यास बिनस्प्रिंगचीं सामानाचीं खटारीं होतीं. आपण गाभण म्हैससुद्धां तसल्या खटाऱ्यांतून नेणार नाहीं! नदीवर आगबोटी थोड्या, इस्पितळी बोटींचा तर दुष्काळच. मेजिदीए नांवाची बोट दोन्ही बाजूंस पडाव बांधून सुमारें 600 माणसें घेऊन बसऱ्यास आली. तेथें व्हरेला ह्या इस्पितळी जहाजावर मेजर कार्टर म्हणून डॉक्टर होता. त्याला लांबून वाटलें, बोटीच्या कडेनें दोर लोंबत आहेत. जवळ येतां कळलें, ते दोर नव्हते. हगवणीनें बेजार झालेल्या माणसांची घाण कडेवरून ओघळून वाळली होती. आजारी व जखमी एकमेकांवर पडलेले, पट्ट्या दिवसेंदिवस न बदललेल्या, निजण्यास अंथरूण नाहीं. आणि सरकारी तारेंत काय, तर जखमींची स्थिति समाधानकारक! कार्टरनें खरें सांगितलें, तेव्हां वरिष्ठांनीं त्यालाच लुडबुड्या ठरवून दरडाविलें. एका गोऱ्या अधिकाऱ्यानें आमच्या पोरांसाठीं तोंड उघडलें, हें आम्ही मोकळ्या मनानें लिहितों.

अन्नाचीही तीच तऱ्हा. हिंदी शिपायाच्या शिध्यांत ताजा भाजीपाला व मांस गोऱ्या शिपायापेक्षां पुष्कळच कमी. त्यामुळें स्कर्व्ही जडे: हिरड्या सुजतात, दांत हलतात, भरलेली जुनी जखम पुन्हां उकलते. 1916 च्या उत्तरार्धांत सुमारें 11 हजार हिंदी शिपाई ह्या एका रोगानें निकामी झाले. आपल्या बांधावर फुकट उगवणारी तांदुळजाची भाजी आणि एखादें लिंबू त्यांस वेळेवर मिळतें, तर त्यांतले किती तरी धडधाकट राहते. हा रोग कोणत्या देवीच्या कोपाचा? हिशेबनिसाच्या लेखणीचा!

विलायतेंत चौकशी-मंडळ बसलें. 1917 सालीं त्याचा अहवाल बाहेर पडला व भारतमंत्री चेंबरलेन ह्यांस खुर्ची सोडावी लागली. मेलेल्यांस मात्र काय मिळालें? 1929 सालीं बसऱ्यास मोठें स्मारक उभें राहिलें. 40 हजारांवर मृतांसाठीं. त्यावर गोऱ्या शिपायाचें नांव कोरलें, हिंदी अधिकाऱ्याचेंही कोरलें. हिंदी शिपायाचा मात्र नुसता आंकडा! अमुक पलटण, इतके इतर. आणि फ्रान्सांत नव्ह शापेल येथें दोनच वर्षांपूर्वीं, 1927 सालीं, 4,700 वर हिंदी नांवें दगडांत कोरलीं होतीं. म्हणजे कोरतां येत नव्हतें असें नाहीं. युरोपांत लोक पाहतील म्हणून नांव, वाळवंटांत कोण पाहतो म्हणून आंकडा, असाच अर्थ आम्ही काढतों. ह्या भेदाबद्दल ग्रेव्हज कमिशननें माफी मागितली ती 2021 सालीं. तोंवर त्या शिपायांचे नातूही म्हातारे झाले होते.

नांव गाळण्याचें हें काम परक्यांनींच केलें असें नाहीं. 1917 सालीं माणसांची निकड लागली तेव्हां 111 वी महार पलटण उभी केली, 1921 सालीं मोडून टाकली. 1941 सालीं पुन्हां लढाई आली तेव्हां पुन्हां महार आठवले. त्या मोडलेल्या पलटणीचें स्मरण आमच्या कोणत्या उच्च म्हणविणाऱ्यानें ठेविलें?

कोणी म्हणेल, बसरा कोठें आणि आमचें यवतमाळ कोठें! वणी, दारव्हा, पुसदच्या कास्तकारानें आपल्या आजीच्या तोंडची मानमोडी आठवावी. 1918 च्या मेअखेरीस सैन्याच्या जहाजाबरोबर ती मुंबईंत उतरली असें तेथील आरोग्याधिकाऱ्यांनीं म्हटलें. पावसानें दगा दिलेल्या त्या वर्षीं दुसरी लाट आगगाडीच्या वाटेनें वऱ्हाडांत शिरली, आणि मध्यप्रांत व वऱ्हाड सर्वांत अधिक माणसें गमावलेल्या प्रांतांत गणला गेला. जहाजावरचा रोग जहाजावर राहत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें असें. ग्रेव्हज कमिशनची नोंद इंटरनेटवर कोणासही फुकट पाहतां येते. तींत पुष्कळ शिपायांचें नांव, पलटण, बापाचें नांव, गांव व तालुका लिहिलेला आहे. शाळेंत शिकणाऱ्या मुलांनीं आपल्या तालुक्याचें नांव घालून ती चाळावी, आणि सांपडेल तें नांव ग्रामसभेपुढें वाचावें. घरांत कांस्याची वाटोळी वितभर रुंदीपेक्षां लहान तबकडी असेल, तीवर त्रिशूळ घेतलेली बाई व सिंह असेल, तर ती भांडेवाल्यास मोडींत घालूं नये. कडेजवळ चौकटींत उंच अक्षरांत मेलेल्याचें नांव असतें. आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लावतांना ‘लढाईंत’ व ‘आजारानें’ असे दोन रकाने पाडूं नयेत.