ताकापुरती आजी

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी दोन फर्मानांवर सह्या केल्या. परदेशातून नवा कुशल कर्मचारी ‘एच-वन-बी’ परवान्यावर आणू इच्छिणाऱ्या मालकाने त्यासाठी एक लाख डॉलर मोजावेत, हे पहिले फर्मान. जो अमेरिकी सरकारला दहा लाख डॉलरची देणगी देईल त्याला ‘गोल्ड कार्डा’च्या वाटेने कायम वास्तव्याचा लाभ मिळावा, हे दुसरे. पहिल्या फर्मानाने आपल्याकडे हलकल्लोळ उडाला. सुटीवर आलेल्या अनेकांनी मिळेल त्या विमानाने परत जाण्याची धडपड केली. ही रक्कम केवळ नव्या अर्जांना लागू आहे, असा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला आणि गलका ओसरला. परंतु ज्या दुखण्यावर खरी चर्चा व्हावयास हवी होती ते दुखणे या एक लाख डॉलरच्या किती तरी आधीचे आहे, आणि ते कोणत्याही एका अध्यक्षाने निर्माण केलेले नाही.

ते दुखणे समजून घ्यायचे तर थोडा हिशेब पाहिला पाहिजे. अमेरिकेचा १९९० चा कायदा वर्षाला ६५ हजार तात्पुरते काम परवाने देतो. अमेरिकी विद्यापीठांतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी २००४ च्या कायद्याने त्यांत आणखी २० हजारांची भर घातली. विद्यापीठे आणि काही संशोधनसंस्था या मर्यादेबाहेर आहेत. परवाना तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा. २०२४ च्या आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या अर्जांपैकी सुमारे ७१ टक्के भारतीयांचे होते. म्हणजे माणूस आत घेताना त्याचा देश पाहिला जात नाही. मात्र हाच माणूस कायम राहण्याची परवानगी मागू लागला, की कायदा त्याचे जन्मस्थान विचारतो. नोकरीच्या आधारावरील ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि तीही बायकामुले धरून. त्यांत कोणत्याही एका देशाचा वाटा सात टक्के, म्हणजे सुमारे ९ हजार ८०० च्या आसपास. चार लाखांच्या घरातील वस्तीचे आइसलंड आणि १४० कोटींचा भारत या तराजूत समसमान!

या नियमाचा इतिहास उपरोधाने भरलेला आहे. १९४६ च्या कायद्याने भारताच्या वाट्याला वर्षाला अवघ्या १०० जागा आल्या होत्या. वंश आणि देश पाहून जागा वाटण्याची ती जुनी पद्धत १९६५ साली मोडीत निघाली. एकाच देशाने सर्व जागा व्यापू नयेत म्हणून प्रत्येक देशाला सारखी कमाल मर्यादा घालण्यात आली, आणि त्या वेळी ती न्यायाची वाटली. आज तीच मर्यादा जन्मभूमीवरून माणसामाणसांत भेद करते. बहुतेक सर्व अर्जदारांच्या बाबतीत नागरिकत्व कोणत्या देशाचे आहे याला तेथे किंमत नाही. येथील वाचकांना हे चटकन उमगेल. हजारो गोमंतकीयांनी पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून युरोपचे दार उघडले. परंतु मडगावात जन्मलेला अभियंता पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन अमेरिकेत गेला, तरी ग्रीन कार्डाच्या रांगेत तो भारतीयांच्याच मागे उभा राहतो.

ही रांग किती लांब आहे? २०२५ च्या अखेरीस उच्च पदवीधरांच्या वर्गात पाळी येत होती ती २०१३ साली नोंद झालेल्या भारतीयांची. अमेरिकी संसदेच्या संशोधन विभागाने २०२० साली जो अंदाज केला त्यानुसार, या वर्गात नव्याने येणाऱ्या भारतीयाला १९५ वर्षे थांबावे लागेल. एवढ्या वर्षांत माणसाची सहावी-सातवी पिढी येते! ज्या प्रतीक्षेचा शेवट आयुष्याच्या मर्यादेपलीकडे आहे तिला प्रतीक्षा म्हणणे हीच शब्दांची विटंबना आहे.

येथे कोणी म्हणेल, नाही पाळी आली तर परत यावे. पण या व्यवस्थेची खरी मेख पुढेच आहे. २००० साली अमेरिकेने एक दुरुस्ती केली. ज्याचा अर्ज मंजूर झाला, परंतु देशाच्या मर्यादेमुळे ज्याला ग्रीन कार्ड मिळाले नाही, त्याचा काम परवाना सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांनी वाढत राहावा, अशी ती सोय होती. हेतू दयेचा होता. परिणाम मात्र असा झाला की ‘तात्पुरता’ या शब्दाला अंतच उरला नाही. माणूस तेथे घर घेतो, कर भरतो, मुले शाळेत घालतो, आणि वीस वर्षांनीही पाहुणाच राहतो. नोकरी गेली तर साधारणपणे ६० दिवसांत दुसरा मालक शोधावयाचा, नाहीतर गाशा गुंडाळावयाचा. २०२२-२३ मध्ये तेथील संगणक कंपन्यांनी मोठी नोकरकपात केली, तेव्हा हे ६० दिवस किती झपाट्याने सरतात ते अनेक भारतीय कुटुंबांनी अनुभवले. भारतात जन्मलेले आणि तान्हेपणी तेथे नेलेले मूल एकविसाव्या वर्षी आईबापांच्या अर्जातून गळते, आणि ज्या देशावाचून त्याला दुसरा ठाऊक नाही तेथे ते परके ठरते. परवान्याचा शिक्का घेण्यासाठी मायदेशी आलेल्या अनेकांच्या भेटीच्या तारखा २०२५ च्या डिसेंबरमध्ये काही महिने पुढे ढकलल्या गेल्या, आणि नोकरी तिकडे व माणूस इकडे अशी त्यांची अवस्था झाली.

अमेरिकेची बाजू मुळीच नाही असे आमचे म्हणणे नाही. स्वस्त परदेशी कर्मचारी आणून स्थानिकांना घरी बसविले जाते, ही तेथील नोकरदारांची तक्रार सर्वस्वी काल्पनिक नव्हे. २०२३ च्या सोडतीत आलेल्या पात्र नोंदण्यांपैकी निम्म्याहून अधिक नोंदण्या एकाच माणसाच्या नावाने अनेक मालकांनी केलेल्या होत्या. हा लबाडीचा मार्ग पुढच्या वर्षी बंद करावा लागला, आणि त्या लबाडीत आपली माणसे नव्हती असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. आपल्या घराचे दार किती उघडावे हे घरमालकानेच ठरवावयाचे. तो अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे.

तथापि दार बंद ठेवणे वेगळे आणि उंबरठ्यावर उभे करून राबवून घेणे वेगळे. आखाती देशांची रीत गोमंतकाला नवी नाही. कफीलाच्या मर्जीवर जगण्यातली मानहानी येथील घराघरांना परिचित आहे, आणि तिचे गोडवे आम्ही गाणार नाही. परंतु तेथे जाणारा पहिल्या दिवसापासून जाणतो की एक दिवस परतावयाचे आहे. तो त्या हिशेबाने गावी घर बांधतो. उलट टोकाला, जर्मनीचे निळे कार्ड घेतलेल्या कुशल कर्मचाऱ्याला २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषा पुरेशी येत असल्यास २१ महिन्यांनीच कायम वास्तव्य मागता येते. कॅनडाने २०२५ साठी कायम वास्तव्याचे लक्ष्य पाच लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणले. पण तसे आधी जाहीर करून. ‘नाही’ हे उत्तरही माणसाला सोसते. त्याला सोसत नाही ते उत्तरच नसणे. अमेरिका मात्र ‘हो’ही म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. ताकापुरती आजी म्हणतात ती याहून वेगळी नव्हे.

ही विसंगती अमेरिकी लोकप्रतिनिधींनाही मान्य आहे. देशवार मर्यादा काढून टाकणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये तेथील प्रतिनिधिगृहाने ३६५ विरुद्ध ६५ अशा मतांनी संमत केले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने त्याचे वेगळे रूप संमत केले. दोन्हींचा मेळ बसला नाही आणि विधेयक बारगळले. एकूण जागा न वाढविता केवळ मर्यादा काढली तर इतर देशांच्या रांगा लांबतील, हा आक्षेप खोटा नव्हता. म्हणून मर्यादा सैल करणे आणि जागा वाढविणे ही दोन्ही कामे एकदमच व्हावयास हवीत.

ते काम अमेरिकेचे. पण दिल्लीच्या हाती असलेल्या कामाचे काय? परदेशस्थ भारतीयांनी पाठविलेल्या पैशांचे आकडे आपले राज्यकर्ते मोठ्या अभिमानाने सांगतात. त्या माणसांच्या वतीने बोलताना मात्र त्यांचा आवाज खाली येतो. एकच उदाहरण देतो. अमेरिकेत काम करणारा भारतीय आपल्या पगारातून निवृत्तिवेतन आणि वृद्धांचे आरोग्य यांसाठी ७.६५ टक्के वर्गणी भरतो. मालक तितकीच भरतो. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यास ४० तिमाह्या, म्हणजे दहा वर्षे, भरावी लागतात. सहा वर्षांनी परतणाऱ्याचे पैसे तेथेच राहतात. जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम यांच्याशी आपण सामाजिक सुरक्षेचे करार केले. अमेरिकेशी तसा करार आजवर झालेला नाही. व्यापाराच्या वाटाघाटींत बदाम, सफरचंदे आणि शस्त्रास्त्रे यांना जागा असते. मग माणसाच्या घामाच्या पैशाला का नसावी?

ग्रीन कार्ड देणे न देणे अमेरिकेच्या मर्जीचे असेल. भरलेली वर्गणी बुडू न देण्याचा आग्रह हा आपला हक्क आहे. पुढच्या प्रत्येक व्यापारी चर्चेत हा मुद्दा पहिल्या पानावर असला पाहिजे. आणि जाणाऱ्या तरुणांनीही परवान्याची मुदत आणि रांगेची लांबी हे दोन्ही आकडे नीट वाचूनच पाऊल उचलावे. पगाराचा आकडा नेहमी ठळक छापलेला असतो; हे दोन आकडे मात्र आपणच शोधून काढावे लागतात.