नकाराचें कर्तव्य

बालहट्ट पुरविण्यांत आईबापांस जें सुख वाटतें, तें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. स्वतः जुनेंपुराणें नेसून मुलास नवें कापड घेणारे मायबाप आपल्या समाजांत घरोघर आढळतील. हा त्याग थोर खरा. परंतु देण्याप्रमाणेंच न देणें हेंहि प्रेमाचेंच कार्य आहे, आणि तें अधिक कठीण आहे. खाऊ, खेळणें अगर कपडा यांचा हट्ट पुरविला, तर फार तर चार पैसे वायां जातील. पण कांहीं मागण्या अशा असतात कीं, त्या पुरविल्यानें होणारें नुकसान पुढें जन्मभर भरून येत नाहीं. योग्य वय होण्यापूर्वीं मोटारसायकल अगर स्कूटर चालविण्याची मागणी ही त्यांपैकींच एक होय.

शाळा सुटण्याच्या वेळीं शहरांतील एखाद्या चौकांत क्षणभर उभें राहून पाहावें. मिसरूडहि न फुटलेले मुलगे एकाच गाडीवर तिघे तिघे बसून, डोक्यास हेल्मेट न घालतां, भरधांव जातांना दिसतात. त्यांच्या हातीं किल्ली आली कोठून? बहुधा ती घरांतील वडील माणसांनींच दिलेली असते. कोणी 'वर्गांतील सर्वांजवळ आहे' या वाक्यापुढें हात टेकतो. कोणास क्लासला पोंचविण्याची दगदग नको असते. तर कोणी आपण मुलास वेळ देऊं शकत नाहीं याची भरपाई गाडी देऊन करूं पाहतो. कारणें निरनिराळीं, परंतु परिणाम एकच!

याविषयीं कायदा स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें गियर नसलेली, ५० घनसेंटिमीटरपर्यंत इंजिनाची मोटारसायकल १६ वर्षें पूर्ण झाल्यावर परवाना काढून चालवितां येते. त्याहून मोठीस १८ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. नेहमींच्या पेट्रोलच्या स्कूटरींचें इंजिन बहुधा १०० घनसेंटिमीटरांहून मोठें असतें. तेव्हां 'ही तर साधी स्कूटर' हें समाधान फोल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें तर जबाबदारी थेट वडील माणसांवर टाकली आहे. अल्पवयी मुलाकडून या कायद्याखालील गुन्हा घडल्यास पालकास अगर वाहनाच्या मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांकरितां रद्द होते. आणि त्या मुलास २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. 'मला ठाऊक नव्हतें' एवढें म्हणून पालकाची सुटका होत नाहीं. तें त्यास सिद्ध करावें लागतें.

परंतु केवळ दंडाच्या भीतीनें दिलेला नकार फार दिवस टिकत नाहीं. त्यामागील खरें कारण निराळें आहे. वेग दुप्पट झाला कीं धावत्या गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचें अंतरहि सुमारें चौपट होतें. हें मुलें विज्ञानाच्या तासास शिकतात. पण शिकलेलें ऐन क्षणीं आचरणांत आणण्यास संयम लागतो, आणि मेंदूच्या ज्या भागावर हा संयम अवलंबून असतो त्याची वाढ विशीनंतरहि चालूंच असते. भारतांत २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होतीं. या आंकड्यांमागें घरें आहेत, हें विसरूं नये.

कोणी म्हणेल, खेड्यांतील मुलानें दूरच्या शाळेंत जावें कसें? ही अडचण खरी आहे, आणि तिची हेटाळणी करणें बरोबर नाहीं. परंतु तिचा उपाय सायकल, एस. टी.चा पास, अगर चार पालकांनीं मिळून केलेली सोय हा आहे. बस वेळेवर येत नसेल तर गांवानें एकत्र होऊन ती मागावी. आपली गैरसोय टाळण्याकरितां मुलाचा जीव पणास लावणें हा कांहीं उपाय नव्हे.

नकार कसा द्यावा, हेंहि महत्त्वाचें आहे. आईनें नाहीं म्हणावें आणि बापानें हळूच किल्ली द्यावी, असें झाल्यास मूल दोघांचाहि मान ठेवीत नाहीं. म्हणून नकार दोघांचा, शांत आणि सकारण असावा. 'कधींच नाहीं' असें न म्हणतां 'अमुक वयानंतर, परवाना काढल्यावर' अशी निश्चित मुदत सांगावी व ती पाळावी. आणि स्वतः हेल्मेट न घालणाऱ्या, सिग्नल तोडणाऱ्या बापाच्या नकारास मुलाच्या मनांत किंमत राहत नाहीं, हें तर उघडच आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या आईबापांनीं नाहीं म्हटलें म्हणजे तुम्हांस राग येतो. तो येणें स्वाभाविक आहे. परंतु होकार देऊन तुमचें हसतें तोंड पाहणें त्यांसहि अधिक सोपें असतें. तें सुख सोडून जे तुमचा रुसवा पत्करतात, त्यांच्या प्रेमाविषयीं शंका घेऊं नका.