थायरॉईडची गोळी: तारखेआधीच उन्हानं उतरते

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. म्हणून पावसाळ्याआधीच गोळ्या घरात भरून ठेवाव्या लागतात. त्यात चूक नाही. पण थायरॉईडच्या गोळीचं गणित वेगळं आहे.

लेव्होथायरॉक्सिन नावाच्या या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. त्याला ऊन, ओल, उजेड सोसत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या औषध खात्यानं २००७ मध्ये नियम कडक केला: मुदत संपेपर्यंत ताकद ९५ ते १०५ टक्क्यांत राहिलीच पाहिजे.

डबीवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. आपल्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५ च्या वर. टिनाच्या घरात तर विचारूच नका. मग डबीवरची तारीख कितपत खरी धरायची? आमच्या आईची डबी चुलीवरच्या फळीवर असायची. माठाजवळ ठेवावी म्हटलं तर तिथं ओल. आता मधल्या खोलीत, कोरड्या कोनाड्यात आहे.

जुनी गोळी सहसा विष होत नाही, कमजोर होते. खरा घोळ पुढं आहे. रक्तात टीएसएच वाढलेलं दिसतं, डॉक्टर डोस वाढवतात. मग ताजी डबी सुरू झाली की तोच डोस जास्त होऊन छातीत धडधड. गरोदर बाईला औषध कमी पडलं तर बाळालाही धोका. म्हणून तपासणीला जाताना डबी सोबत न्या.

डबीवर मुदत ०६/२०२६ असेल तर ३० जूनपर्यंत. मुदत संपली अन् रस्ताही बंद, तर मनानं गोळी सोडू नका. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात फोन करून विचारा. डबीतली ओल शोषणारी पुडी फेकू नका.