मुद्दाम पाडलेलं, आपोआप पडलेलं

इंग्लंडमध्ये सरे परगण्यात पेन्सहिल नावाची जुनी इस्टेट आहे. चार्ल्स हॅमिल्टन या उमरावपुत्राने १७३८ पासून तिथे बाग रचली. सरळ वाटा आणि कातरलेली झुडपं त्याला नको होती. दर वळणावर नवं चित्र दिसायला हवं होतं. म्हणून नागमोडी तळं खोदलं, मोल नदीचं पाणी चाकाने वर चढवलं, बेटावर स्फटिकांनी मढवलेली गुहा उभारली आणि शेवटी एक मठ चक्क पडका बांधला! हौस कर्जावर चालली होती. १७७३ मध्ये सगळं विकावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनीचे तुकडे झाले, रान माजलं, गुहेचं छत कोसळलं. १९८० मध्ये स्थानिक परिषदेने बराचसा भाग विकत घेतला आणि जीर्णोद्धार सुरू झाला. त्यात तो पडका मठही खराखुरा मोडकळीला आलेला. तो दुरुस्त करायचा, पण किती? आम्हाला हा प्रश्न नुसता गमतीचा वाटत नाही. देवळाचा पाया उकरून काढता येतो. बागेतली झाडं मात्र मरतात, वाढतात, भलतीकडेच उगवतात. ऐतिहासिक बागांवरचा हा अंक याच पेचाभोवती फिरतो, आणि त्यातल्या लेखकांचं एकमत झालेलं नाही.