नव्या यंत्रावर कोण बसणार?

मुंबईच्या गिरण्यांत १९२८च्या सुमारास ‘रॅशनलायझेशन’ आले आणि पुढच्या काही दशकांत वाइंडिंग-रीलिंग खात्यांतल्या बायका गिरणीबाहेर पडत गेल्या. नव्या यंत्रांवर त्यांना कोणी बसवले नाही. मैत्रिणींनो, भिवंडी तालुक्यातल्या गोदामांच्या ऑफिसांत आज तीच वेळ येऊन ठेपली आहे. मालाची आवक-जावक संगणकात भरणे, बिल चलनाशी ताडून पाहणे, साहेबांच्या मंजुरीसाठी पुढे पाठवणे ही बारावी, बी.कॉम. झालेल्या मुलींच्या वाट्याची कामे. ती आता ‘वर्कफ्लो ऑटोमेशन’चे सॉफ्टवेअर करू शकते.

गणेशपुरीच्या बैठकीत मी हे मांडले, तेव्हा गोदामात चलने भरणाऱ्या एकीने विचारले, “मग ते सॉफ्टवेअर आम्हीच का नाही लिहायचे?” खरेच, का नाही? बिल कुठे अडते, आकडा कुठे चुकतो, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक आहे? या क्षेत्रातली पहिली नोकरी तेच मागते : कामाचा क्रम नेमका मांडणे, तो प्रोग्रॅममध्ये बसवणे, अडले तर कुठे अडले ते शोधणे. पायथॉन किंवा जावास्क्रिप्ट, एसक्यूएल आणि कामापुरते इंग्रजी मात्र शिकावे लागते. ‘पॉवर ऑटोमेट’ची डेस्कटॉप आवृत्ती विंडोजवर विनामूल्य मिळते, ‘यूआयपाथ’चे ऑनलाइन धडेही विनामूल्य आहेत. नोकरीची हमी देऊन हजारो रुपये उकळणाऱ्या क्लासची पायरी चढण्याआधी मुलींना हे कळायला हवे. प्रत्येकीला नोकरी मिळेल, असे मी म्हणणार नाही.

पण हे मोबाइलवर शिकता येत नाही. संगणक हवा, आणि ‘जरा चहा टाक’ असे कुणी म्हणणार नाही असे रोजचे दोन तास हवेत. घरात संगणक आलाच तर तो भावाचा असतो. (परगावची माणसे गणेशपुरीला मनःशांतीसाठी येतात. गावातल्या मुलीला तासाभराची शांतता मिळत नाही!) शिवाय नोकऱ्या ऐरोलीला, ठाण्याला, पुण्याला. ठाणे किंवा वसईपर्यंत बस, पुढे लोकल. रात्री परतायचे कसे, या एका प्रश्नावर घरचे विषय संपवतात.

म्हणून दोन मागण्या. ग्रामपंचायतीने संध्याकाळी मुलींसाठी संगणकाची खोली उघडावी. आणि गोदाममालकांनी सॉफ्टवेअर आणण्याआधी त्या टेबलावरच्या मुलींना कामाच्या वेळेत, पगार न कापता, ते शिकवावे. यंत्रमागवाल्यांच्या दारात आपण मोर्चे नेले, गोदामवाल्यांना अजून साधे पत्रही दिलेले नाही. मसुदा तयार आहे. सह्यांसाठी गटांनी आपापल्या गावची बैठक कळवावी.